तळाला गेलेल्या फुटबॉल क्लबने नवा कोच कसा निवडावा

क्लब खालच्या डिव्हिजनमध्ये उतरला किंवा शेवटच्या मॅचला कसाबसा वाचला, की गावात पहिली ओरड होते ती कोच बदलण्याची. पुढच्या आठ दिवसांत नवा माणूस ठरलेलाही असतो. तो अध्यक्षांच्या ओळखीतला कुणी असतो, एकेकाळचा नावाजलेला स्ट्रायकर असतो, नाहीतर शेजारच्या गावात गेल्या वर्षी कप मारलेला कोच. अशी निवड बहुधा फसते, कारण त्या माणसाला नेमकं कशासाठी बोलावलंय हे कमिटीने ठरवलेलंच नसतं.

नीट निवडीला सहा ते आठ आठवडे लागतात. गोव्यात लीगचा हंगाम पावसाळा ओसरताना पकड घेतो. म्हणून एप्रिलच्या शेवटी काम हाती घ्या. मग जूनच्या मध्यापर्यंत सही होते आणि जुलैत पावसातच प्रॅक्टिस सुरू करता येते. ऑगस्टमध्ये शोधायला निघालात तर चवथ आडवी येते, अर्धी टीम गावागावांत आरत्यांना आणि चांगले कोच तोवर दुसरीकडे लागलेले.

आधी गोल मोजा

गेल्या हंगामातला खाल्लेला प्रत्येक गोल एका कागदावर लिहा: कितव्या मिनिटाला, कसा आणि त्या वेळी मैदानावर कोण होतं. मिनिटं रेफरीच्या अहवालात सापडतात, बाकीचं दोन-तीन खेळाडूंना विचारून भरता येतं. शेजारी त्या आठवड्यात प्रॅक्टिसला किती जण आले तो आकडा लिहा. हजेरी ठेवलीच नसेल तर तोही एक निष्कर्षच.

आता कागद वाचा. बरेच गोल ७५ मिनिटांनंतर गेले असतील तर पाय संपतायत. पाय का संपतात याचं उत्तर हजेरीच्या रकान्यात असतं. वेर्णा, कुंडई किंवा पिसुर्ल्याच्या औद्योगिक वसाहतीत शिफ्ट करणारा मुलगा आठवड्यातून एकदाच येत असेल, तर त्याचा दम वाढवायची जादू कुठल्याच कोचकडे नाही. तिथे प्रॅक्टिसची वेळ बदलावी लागते, आणि ते काम कमिटीचं. कॉर्नर आणि फ्री किकवर गोल जात असतील तर तो मात्र सरळ कोचिंगचा दोष. कोण कुणाला धरणार, पहिल्या पोस्टवर कोण, बॉल क्लिअर झाला की बचावाची लाइन कोण पुढे काढणार, हे ठरवून घोटून घेतलं की चार आठवड्यांत फरक दिसतो. समोरच्याच्या बॉक्सपर्यंत पोहोचताय पण गोल होत नाहीत, तर अडचण बहुधा खेळाडू निवडीची आहे. बॉक्सपर्यंत पोहोचतच नसाल तर ती मधल्या फळीच्या रचनेची.

प्रॅक्टिसला सरासरी अकरा-बारा जण येत असतील तर इथेच थांबा. सोळापेक्षा कमी मुलांत आठ विरुद्ध आठसुद्धा होत नाही आणि टीमची मैदानावरची रचना शिकवता येत नाही. कोच बदलूनही पुढच्या वर्षी हाच कागद पुन्हा लिहावा लागेल.

क्लब काय देणार ते लिहून काढा

चांगला कोच मुलाखतीत तुम्हालाच प्रश्न विचारतो, आणि पहिला प्रश्न मैदानाचा असतो. आठवड्यातून किती दिवस, किती वाजता, दिवे आहेत का, पंचायतीची किंवा शाळेची परवानगी लेखी आहे का? क्रिकेटवाल्यांशी वाटणी असेल तर वार ठरवून घ्या. ‘बघू, होईल’ या उत्तरावर शहाणा माणूस येत नाही.

सामान फार लागत नाही, पण पुरेसं लागतं. २४ खेळाडूंना ५ नंबरचे किमान १२ बॉल, खुणेचे ४० कोन, दोन रंगांची प्रत्येकी १२ बिब्स (टीम ओळखायला वरून घालायची बंडी), हलवता येणारे दोन छोटे गोल, प्रथमोपचार पेटी आणि बर्फाचा डबा. हवेचा दाब मोजायचं यंत्र घ्याच. नियमानुसार बॉलमध्ये ०.६ ते १.१ अ‍ॅटमॉस्फिअर दाब चालतो. उन्हाळ्यात जांभ्याची माती उघडी पडलेल्या मैदानावर वरच्या टोकाला भरलेला बॉल गुडघ्याएवढा उसळतो आणि पहिला टच शिकवणं अशक्य होतं. तिथे खालच्या टोकाकडे ठेवा.

पैशाचा हिशेब पूर्ण हंगामाचा मांडा, महिन्याचा नको. समजा मुख्य कोचला महिना १८,००० आणि सहायकाला ८,००० ठरले. नऊ महिन्यांचे १,६२,००० आणि ७२,००० झाले. गोलकीपर कोच आठवड्यातून एकदा, सणवार वजा जाता ३६ दिवस, दिवसाला ७०० प्रमाणे २५,२००. एकूण २,५९,२००. हे आकडे केवळ मांडणी दाखवायला आहेत, दर तुमच्या डिव्हिजनप्रमाणे आणि माणसाप्रमाणे बदलेल. अर्ध्या हंगामात कोच सोडून जातो तेव्हा वरवरचं कारण मतभेदाचं असतं आणि आतलं दोन महिने थकलेल्या मानधनाचं. प्रायोजकाचा चेक नेहमी उशिराच येतो. म्हणून सही करण्याआधी तीन महिन्यांचं मानधन खजिनदाराने वेगळं काढून ठेवावं. तेवढंही जमत नसेल तर स्वस्त कोच शोधा, थकबाकीवाला महागडा नको.

लायसन्स

अखिल भारतीय फुटबॉल महासंघाची शिडी डी, सी, बी, ए आणि प्रो अशी चढते. कुठल्या डिव्हिजनला किमान कुठलं लायसन्स लागतं हे गोवा फुटबॉल असोसिएशनच्या त्या हंगामाच्या सर्क्युलरमध्ये पाहा, गेल्या वर्षीच्या आठवणीवर जाऊ नका. उमेदवाराकडून लायसन्सची प्रत घ्या आणि मुदतीची तारीख वाचा. ‘कोर्स केलाय’ आणि ‘कोर्स पास झालाय’ यात फरक आहे. काही जण हजेरीचं प्रमाणपत्रच पुढे करतात.

लायसन्सला चाळणी समजा. आहे की नाही, एवढंच. दोघांकडे हवं ते लायसन्स असेल तर वरच्या श्रेणीचा माणूस आपोआप सरस ठरत नाही. थर्ड डिव्हिजनच्या टीमला आठवड्यातून तीनदा वेळेवर येणारा सी लायसन्सवाला हा महिन्यातून चारदा उगवणाऱ्या ए लायसन्सवाल्यापेक्षा कितीतरी उपयोगाचा.

कुठे शोधायचं

जुन्या कोचला आधी भेटा. समोरासमोर सांगा, त्याचं राहिलेलं मानधन चुकतं करा, आणि मगच जाहिरात द्या. गोवा एवढासा आहे. तो पुढच्या हंगामात समोरच्या बाकावर बसलेला असेल, आणि नव्या उमेदवारांचा पहिला फोन त्यालाच जाणार आहे.

मग एक पानाची सूचना काढा. डिव्हिजन, प्रॅक्टिसचे वार आणि वेळ, लागणारं लायसन्स, मानधन किती ते किती, अर्जाची शेवटची तारीख, एवढं पुरे. मराठी आणि इंग्रजी वर्तमानपत्रात छोटी जाहिरात द्या, क्लबच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपांवर टाका आणि तीन आठवडे ठेवा. पण चांगले अर्ज बहुतेक वेळा मागावे लागतात. मोठ्या क्लबांच्या लहान वयोगटाच्या टीमचे सहायक, हायस्कूलचे पीई शिक्षक, नुकतेच निवृत्त झालेले मिडफिल्डर आणि गोलकीपर, यांच्याकडे स्वतः जा. डिचोली, सत्तरी, पेडणे भागातल्या क्लबांनी एक गोष्ट जमेस धरावी. दक्षिण गोव्यातल्या सासष्टीतला कोच संध्याकाळच्या ट्रॅफिकमधून आठवड्यातून चारदा वाळपईला येईल असं पहिल्या महिन्यात वाटतं, तिसऱ्या महिन्यात नाही. तासाभराच्या आत राहणारा माणूस शोधा.

नावाजलेला खेळाडू हा चांगला कोच असेलच असं नाही. नसेलच असंही नाही. आर्मांदो कुलासो यांच्या हाताखाली धेंपो क्लबने २००४–०५ ते २०११–१२ या काळात पाच राष्ट्रीय विजेतेपदं मिळवली. त्यातून उचलण्यासारखं आहे ते एकाच माणसाला सलग वर्षं दिली गेली हे. दर हंगामाला नवा चेहरा आणणाऱ्या कमिट्या नेमकं तेच विसरतात.

निवड समिती पाच जणांची ठेवा: अध्यक्ष, सेक्रेटरी, खजिनदार, एक माजी खेळाडू आणि कमिटीबाहेरचा, खेळ कळणारा एक. कुणाचा नातेवाईक उमेदवार असेल तर त्या माणसाने उठून बाहेर जावं आणि ते इतिवृत्तात लिहावं. नाहीतर पहिला पराभव झाला की निवडीच्या रात्रीची गोष्ट तावेर्नातून (दारूच्या गुत्त्यातून) सुरू होते.

मुलाखत: अर्धा तास बस्स

तीन ते पाच जणांना बोलवा. गोलांचा तो कागद दोन दिवस आधी प्रत्येकाला पाठवा आणि विचारा: यात तुम्हाला काय दिसतं, पहिल्या सहा आठवड्यांत काय कराल? ज्याने कागद वाचलेला नाही तो तिथेच गळतो. ‘मुलांत जिद्दच नाही’ एवढंच सांगणाराही. दुसरा प्रश्न: तुमचा सगळ्यात चांगला खेळाडू प्रॅक्टिसला येत नाही पण मॅचला येतो, काय कराल? याला एकच बरोबर उत्तर नाही, पण उत्तर लगेच आणि स्पष्ट यायला हवं, कारण तुमच्याकडे तो खेळाडू आहेच.

मैदानावर ७५ मिनिटं

निवडीचा खरा भार इथे टाका. गुण शंभर धरले तर मैदानाला ४५, फोनवरच्या चौकशीला २५, मुलाखतीला २० आणि कागदपत्रांना १०.

प्रत्येक उमेदवाराला तीच मुलं, तीच वेळ आणि तेच काम द्या. साधारण १८ खेळाडू, त्यांत दोन गोलकीपर. विषय तीन दिवस आधी कळवा आणि तो तुमच्या कागदातूनच काढा. उदाहरणार्थ, ‘बॉल मिळाल्यावर दुसऱ्याच पासला आपण तो गमावतो’. ७५ मिनिटांची साधारण विभागणी अशी: १५ मिनिटं वॉर्म-अप, २० मिनिटं पासिंगचा सराव, ३० मिनिटं ४० बाय ३० मीटरच्या चौकोनात सहा विरुद्ध सहा किंवा सात विरुद्ध सात आणि शेवटची १० मिनिटं मुलांशी बोलणं. त्याने वेगळी विभागणी केली तर हरकत नाही, का केली एवढं विचारा.

पाहायला तीन जण ठेवा आणि प्रत्येकाला एकच काम द्या.

पहिला मोबाइलचं स्टॉपवॉच घेऊन बॉल प्रत्यक्ष फिरत असलेला वेळ मोजतो. ४५ मिनिटांच्या वर असेल तर उत्तम. ३५ च्या खाली गेला तर हा माणूस शिकवण्यापेक्षा भाषण जास्त करतो, किंवा त्याचे ड्रिल मांडण्यातच वेळ जातो. एका पोरामागे सात जण रांगेत उभे असलेली ड्रिल दिसायला शिस्तीची असते, पण त्यात कुणी काही शिकत नाही.

दुसरा टीममधला सगळ्यात कच्चा मुलगा निवडतो आणि दहा मिनिटं फक्त त्याच्याकडे बघतो. किती वेळा बॉल लागला, किती वेळ नुसता उभा होता, कोचने त्याला एकदा तरी नावाने हाक मारली का? खालच्या डिव्हिजनमध्ये मॅच जिंकून देतात ते पहिले पाच खेळाडू, आणि हरवतात ते शेवटचे पाच.

तिसरा कोचची वाक्यं जशीच्या तशी लिहून घेतो. नंतर वहीत ‘जोर लाव’, ‘डोकं वापर’, ‘अरे काय करतोस’ अशाच ओळी दिसल्या, तर कळतं की चूक त्याला दिसली पण दुरुस्ती सांगता आली नाही. ‘बॉल यायच्या आधी एकदा मागे बघ, मग उजव्या पायाने उघड्या बाजूला घे’, असं वाक्य वहीत असेल तर त्यापुढे खूण करा. भाषेकडेही कान असू द्या. मुलं कोकणी-मराठीत बोलतात, काही हिंदीत. नुसत्या इंग्रजीत सूचना देणाऱ्याला मुलं मान हलवून ‘येस कोच’ म्हणतात आणि पुढच्याच मिनिटाला तीच चूक करतात.

एक छोटी अडचण मुद्दाम ठेवा. १८ सांगून सुरुवातीला १५ मुलंच मैदानात असू द्या. खरं तर मुद्दाम करावंच लागत नाही, शिफ्टवरून सुटलेला कुणीतरी उशिरा येतोच. तेव्हा काय होतं ते बघण्यासारखं असतं. एक कोच घड्याळाकडे बघत थांबतो. दुसरा पंधरा सेकंद विचार करतो, चार कोन उचलून चौकोन लहान करतो, उरलेल्या मुलाला दोन्ही बाजूंनी खेळणारा तटस्थ खेळाडू बनवतो आणि शिट्टी मारतो. जूनच्या पहिल्या आठवड्यात पाऊस आला असेल आणि एका गोलसमोर तळं साचलं असेल तर हीच परीक्षा आपोआप होते. विजा चमकू लागल्यावर मुलांना लगेच मैदानाबाहेर काढतो का, हेही पाहा. शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास थांबायचं असतं. न काढणाऱ्याचे गुण तिथेच शून्य.

सेशन संपल्यावर त्याला एकच प्रश्न विचारा: हेच पुन्हा घ्यायचं झालं तर काय बदलाल? ‘काही नाही’ हे वाईट उत्तर.

मुलांचं मत चिठ्ठीवर घ्या, बिननावाने. काय शिकलो आणि काय कळलं नाही, एवढे दोनच प्रश्न. कोण हवा असं विचारू नका. मुलं हसवणाऱ्याला मत देतात.

तीन फोन

उमेदवाराने दिलेल्या नावांखेरीज आणखी तिघांना फोन करा: मागच्या क्लबचा सेक्रेटरी, तिथला त्याचा सहायक, आणि त्याने बाकावर बसवलेला एखादा खेळाडू. हा तिसरा फोन सगळ्यात कामाचा. बसवलेला खेळाडू राग धरून असला तरी ‘का बसवलं ते मला सांगितलं होतं’ असं म्हणाला, तर तो कोच सरळ आहे. सेक्रेटरीला विचारा: वेळेवर यायचा का, पैशावरून खटका उडाला का, हरल्यावर रेफरीशी कसा वागला, परत घ्याल का? शेवटच्या प्रश्नानंतरची शांतता किती लांबते तेही ऐका.

कोच लहान वयोगटाच्या मुलांनाही शिकवणार असेल तर पोलिसांकडून चारित्र्य पडताळणीचा दाखला मागा, मुलांच्या प्रॅक्टिसला दुसरा मोठा माणूस कायम हजर ठेवा, आणि एकट्या मुलाला गाडीवरून नेणं-आणणं बंद करा. २०१२ च्या पॉक्सो कायद्याखाली मुलावरच्या लैंगिक अत्याचाराची माहिती मिळालेल्या कुणालाही ती पोलिसांपर्यंत नेणं बंधनकारक आहे. ‘आपण आपसात मिटवू’ ही मुभा कमिटीला नाही.

करारात काय असावं

दोन पानं पुरतात. मुदत एक हंगाम, आणि ठरलेलं उद्दिष्ट गाठलं तर दुसरा आपोआप. मानधनाची तारीख, समजा दर महिन्याची ७. दोन्ही बाजूंनी ३० दिवसांची नोटीस. मधेच काढलं तर किती द्यायचं. कोचचं मानधन आयकरात व्यावसायिक फी धरलं जातं, तेव्हा वर्षाची रक्कम मर्यादेबाहेर जाते का आणि टीडीएस कापायचा का हे क्लबच्या सीएला विचारून आकडा लिहा. नाहीतर ‘हातात किती’ यावरून पहिल्याच महिन्यात भांडण.

सगळ्यात महत्त्वाचं कलम टीम निवडीचं. अकरा कोण, हे फक्त कोच ठरवणार. खेळाडूंची नोंदणी आणि ट्रान्स्फर महासंघाच्या सीआरएस या ऑनलाइन नोंदणी प्रणालीतून वेळेत करणं हे सेक्रेटरीचं काम, पण कुणाला घ्यायचं त्या यादीवर कोचची सही हवी. नोंदणीची मुदत संपल्यावर नेमलेल्या कोचला दुसऱ्याची टीम चालवावी लागते आणि अपयश मात्र त्याच्या नावावर पडतं. उद्दिष्टही मोजता येईल असं लिहा: प्रॅक्टिसला सरासरी १८ हजेरी, कॉर्नर-फ्री किकवरचे गोल निम्म्यावर, डिव्हिजन टिकवणं. ‘टीम सुधारणं’ लिहू नका.

पहिले दोन महिने आणि मधेच जागा रिकामी झाली तर

पहिल्या दिवशी कोचच्या हातात चार गोष्टी द्या: खेळाडूंची यादी फोन आणि शिफ्टच्या वेळेसकट, जुन्या दुखापतींची नोंद, सामानाची खोली उघडायची चावी, आणि गोलांचा कागद. दर पंधरा दिवसांनी कोच, अध्यक्ष आणि सेक्रेटरी यांची अर्ध्या तासाची बैठक ठरलेल्या वारी व्हावी. हाफ टाइमला ड्रेसिंग रूममध्ये कमिटीतलं कुणीही जाऊ नये, अध्यक्षसुद्धा. पहिल्या पाच मॅचमध्ये गुणांपेक्षा हजेरी आणि खाल्लेल्या गोलांची जात बघा. तीन हरलात पण सेट पीसवरचे (कॉर्नर-फ्री किकचे) गोल थांबले, तर काम चालू आहे.

हंगामाच्या मध्यावर कोच गेलाच तर घाईने नवा शोधू नका, सहायकाला अंतरिम म्हणून बसवा. मार्च २०२३ मध्ये ओडिशा एफसीचा मुख्य कोच गेला, तेव्हा सहायक असलेल्या गोव्याच्या क्लिफर्ड मिरांडा यांच्याकडे टीम आली आणि एप्रिलमध्ये त्यांनी बेंगळुरू एफसीला २-१ हरवून सुपर कप घेतला. प्रत्येक सहायक असं करेल असं नाही, पण मुलांना ओळखणारा माणूस मैदानावर पहिले तीन आठवडे वाचवतो. त्याला मुदत लेखी द्या, सहा मॅच किंवा हंगाम संपेपर्यंत, आणि त्या काळापुरतं मानधन मुख्य कोचच्या दराने. टीम निवडीचा अधिकारही पूर्ण द्या. मुदत संपायच्या दहा दिवस आधी बैठक लावा, आणि त्याला कायम करायचं ठरलं तरी ७५ मिनिटांची तीच परीक्षा त्याचीही घ्या.